मागची गाडी दिसतेय का?

वाळवंटात फोर-बाय-फोर गाड्यांचा ताफा घेऊन जाणाऱ्या गटांचा एक नियम असतो. तो इतका साधा आहे की पहिल्यांदा ऐकणारा नुसती मान डोलावतो. नियम असा: तुमच्या मागची गाडी आरशात दिसतेय ना, एवढं सतत बघायचं. दिसेनाशी झाली की थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढच्याच्या आरशातून तुम्ही नाहीसे होता, म्हणून तोही थांबतो. मग त्याच्या पुढचा. असं करत निरोप सगळ्यात पुढच्या गाडीपर्यंत पोचतो. वॉकीटॉकी बिघडला असला, मोबाइलला रेंज नसली, तरी पोचतो.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. हा नियम ऐकल्यावर आधी मला त्यातलं इंजिनिअरिंगच आवडलं. मधे कुणी कंट्रोलर नाही, प्रत्येकाला फक्त आपल्या शेजाऱ्याची खबर आणि तरी सगळी सिस्टिम एकत्र थांबते. पण दुबईत आल्यापासून चार हिवाळे या ताफ्यांबरोबर वाळूत घालवल्यावर आता वाटतं, की तो मुळात नीतीचा नियम आहे. आपण कोणाला किती देणं लागतो, या जुन्या प्रश्नाचं एक फार व्यवहारी उत्तर त्यात आहे. त्या उत्तराला एक मोठं भोकही आहे. या लेखात मला दोन्हीबद्दल बोलायचंय.

हवा कमी करा

आधी हा प्रकार काय असतो ते सांगतो. यूएईमध्ये ऑक्टोबर ते एप्रिल हा वाळूत जायचा हंगाम. शनिवारी पहाटे दुबई-हत्ता रस्त्यावर अल बदायरच्या आसपास पेट्रोल पंपावर गाड्या जमतात. वाळू सुरू होते तिथे सगळे खाली उतरून टायरमधली हवा सोडतात. रस्त्यावर ३५ पीएसआयच्या आसपास असलेला दाब १५ पर्यंत खाली आणायचा. टायर बसतो, वाळूला टेकणारा त्याचा भाग लांब होतो, वजन पसरतं आणि गाडी रुतण्याऐवजी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. उंटाचा पाय असाच पसरट असतो. मात्र एवढ्या कमी हवेवर वेगात झटक्याने स्टिअरिंग फिरवलं तर टायर रिमवरून निघू शकतो. म्हणजे वाळू तुम्हाला आत घेते, पण तिच्या अटींवर.

मग प्रत्येक गाडीवर उंच काठीला झेंडा लागतो, टेकडीच्या पलीकडून येणाऱ्याला तुम्ही आधीच दिसावेत म्हणून. वाऱ्याकडची बाजू चढायला सोपी असते आणि पलीकडची एकदम तुटलेली. सुटी कोरडी वाळू साधारण ३४ अंशांहून जास्त उतारावर टिकत नाही, घसरते. त्यामुळे पुढची गाडी माथ्यावरून सुखरूप उतरल्याचं कळेपर्यंत मागच्याने चढायचं नसतं.

ताफ्यात सगळ्यात पुढे ‘लीड’ असतो आणि सगळ्यात मागे ‘स्वीप’. सह्याद्रीत ग्रुपबरोबर ट्रेक केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही एक वाट दाखवणारा पुढे आणि एक अनुभवी माणूस शेवटी असतो. स्वीपच्या गाडीत दोर, फावडी, जास्तीचं पाणी आणि कॉम्प्रेसर असतो. नवख्या गाड्या लीडच्या मागोमाग लावतात आणि स्वीपला गटातला सर्वांत तयार ड्रायव्हर बसवतात. ऑफिसात मी नेमकं उलटं बघत आलोय. तिथे तयार माणसाला पुढे काढतात आणि मागे राहिलेल्यांसाठी एक ईमेल पाठवतात.

सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही

१९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लताने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर एकमेकांशी बोलायला सांगितलं. मधेच एकाला फिट आल्याचे आवाज ऐकवले. ते आवाज रेकॉर्ड केलेले होते, हे ऐकणाऱ्याला माहीत नव्हतं. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के आवाज थांबायच्या आत मदतीसाठी उठले. आपल्याखेरीज आणखी चौघं ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के उठले. न उठलेले निर्दय नव्हते. त्यांच्यातले बरेच जण अस्वस्थ होते, हात थरथरत होते. त्यांना एवढंच कळत नव्हतं, की हे काम आपलं आहे का.

हे समजायला मला प्रयोगाची गरज पडली नाही. सर्व्हर पडल्याचा अलर्ट ४० जणांच्या ग्रुपवर गेला की प्रत्येक जण समजतो, कुणीतरी बघत असेल. तोच अलर्ट रात्री २ वाजता ऑन-कॉल असलेल्या एकाच माणसाच्या फोनवर गेला की ५ मिनिटांत लॅपटॉप उघडतो. माणसं तीच, फक्त जबाबदारीवर नाव आलं.

आरशाच्या नियमाची ताकद इथे आहे. ‘सगळ्यांनी सगळ्यांची काळजी घ्या’ असं तो म्हणत नाही. तसं म्हणाला असता तर ९ गाड्यांमध्ये कुणीच मागे बघितलं नसतं. तो प्रत्येकाला एक गाडी नेमून देतो: तुझी ही. तेवढी सांभाळलीस की तुझं काम झालं. आभाळाएवढं कर्तव्य आरशाएवढं झालं की माणसाला ते पेलतं.

थांबायचं का?

पण नेमून दिलेली गाडी सारखी रुतत असेल तर?

गेल्या जानेवारीतल्या एका शनिवारी असंच झालं. अल बदायरहून उत्तरेला, मलीहाजवळच्या फॉसिल रॉकच्या दिशेने आम्ही निघालो होतो. फॉसिल रॉक म्हणजे वाळूतून वर आलेला एक खडकाळ डोंगर. सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता आणि त्या समुद्रातल्या जिवांचे जीवाश्म खडकात अजून दिसतात. गाड्या ९, माणसं २६. त्यातल्या एका नवख्या मुलाची गाडी दुपारी १२ पर्यंत ४ वेळा रुतली. माथ्यावर पोचायच्या वेळी तो घाबरून ॲक्सिलरेटर सोडायचा आणि गाडी पोटावर बसायची. मग सगळे थांबायचे, स्वीप पुढे यायचा, फावड्यांनी वाळू उपसायची, दोर लावायचा, ओढायचं. दर वेळी साधारण २५ मिनिटं.

चौथ्या वेळी वॉकीटॉकीवर एक आवाज आला. एका गाडीने त्याच्याबरोबर इथेच थांबावं, बाकीच्यांनी फॉसिल रॉकला जाऊन यावं. आवाजात राग नव्हता, हिशोब होता. आणि हिशोब चूक नव्हता. १०० मिनिटं गुणिले २६ माणसं, म्हणजे ४३ तासांहून जास्त. आठवडाभर कामात पिचलेल्यांच्या सुट्टीचे तास एका माणसाच्या घाबरण्यावर का जावेत? शिवाय सारखं वाचवत राहिलं तर तो शिकणार कधी?

तेवढ्यात त्या मुलाचाच आवाज आला. “सॉरी. मी बाहेर पडतो. तुम्ही जा.”

वाळूत बसलेल्या गाडीतून, शेजारच्या सीटवर बायको आणि मागे लहान मुलगी असताना माणूस हे कसं म्हणतो, त्याची मी कल्पना करू शकतो. आपण ओझं झालोय हे कळणं रुतण्यापेक्षा वाईट.

आमचे मार्शल मूळचे केरळचे, गेली १५ वर्षं वाळूत गाड्या नेणारे. ते शांतपणे म्हणाले, “ते ठरवायची वेळ सकाळी होती. आता ९ आलो, ९ जाऊ.” त्यांनी मार्ग छोटा केला. फॉसिल रॉक आम्ही लांबूनच पाहिला.

या एका वाक्यावर मी बरेच दिवस विचार करतोय. सकाळी, वाळूत शिरण्याआधी, मार्शल फार कडक होते. प्रत्येक गाडीचे पुढचे-मागचे हुक त्यांनी वाकून तपासले. दोर कधीही टो-बॉलला अडकवायचा नाही, कारण ताण आला की तो तुटून गोळीसारखा उडतो, हे त्यांनी तीनदा बजावलं. एका गाडीला योग्य हुक नव्हते, तिला त्यांनी पंपावरूनच परत पाठवलं. तिथे दयामाया नव्हती. पण एकदा टायरची हवा कमी झाली आणि ताफा आत शिरला, की लायकीची चर्चा बंद. पारख दारात करायची, आत आल्यावर नाही.

हे भाबडेपणामुळे नाही. ‘जोपर्यंत तू फार त्रास देत नाहीस, तोपर्यंत आम्ही थांबू’ अशी अट आली की साखळी कुणाच्याच भरवशाची राहत नाही. आज ४ वेळा रुतलेला सोडला, तर उद्या दोनदा रुतलेलाही सुटू शकतो. मग प्रत्येक जण आपल्यावर कधी वेळ येईल याचा अंदाज घेत, घाबरत गाडी चालवेल. आणि वाळूत घाबरून चालवणाराच रुततो. आपल्याला सोडणार नाहीत याची खात्री असलेला माणूस जास्त मोकळ्या हाताने चढतो. त्या मुलाचंही तसंच झालं. मार्शलच्या त्या वाक्यानंतर तो एकदाच अडकला आणि तेव्हा स्वतःच हळूहळू रिव्हर्स घेत बाहेर निघाला.

आता हाच विचार वाळूबाहेर आणून बघू. शाळा, नोकऱ्या, शहरं इथे आपण सतत विचारतो, मागे राहिलेल्याची चूक किती? त्याने मेहनत केली का? फी भरूनही नापास झाला, आता त्याच्यासाठी वर्गाने का थांबायचं? ताफ्याच्या तर्काने बघितलं तर हे प्रश्न दारात विचारायचे आहेत. पण समाजाला दार कुठे आहे? जन्माला येण्याआधी कुणाचे हुक कुणी तपासत नाही. कुणी चारही चाकांना जोर मिळणारी गाडी घेऊन येतो, कुणी जुनी, झिजलेल्या टायरची. आपण सगळे थेट वाळूतच उतरतो. म्हणजे ‘पारख दारात, आत नाही’ हा नियम मान्य असेल, तर समाजात पारख करून कुणाला मागे सोडायचा अधिकार आपल्याला कधी मिळतच नाही.

सौंदडीखाली

इथपर्यंत नियम चांगला वाटतो. आता त्याचं भोक.

त्या दिवशी माझ्या गाडीत मागच्या सीटवर मित्राचे वडील होते, मुलाकडे महिनाभरासाठी सोलापूरजवळच्या गावाहून आलेले. आयुष्यभर शेती केलेला माणूस. टायरची हवा सोडताना बघून ते म्हणाले होते, “बैलाचा नाल काढल्यासारखं हाय हे.”

दुपारी जेवायला आम्ही एका झाडापाशी थांबलो. यूएईत त्याला ‘गाफ’ म्हणतात. ते देशाचं राष्ट्रीय झाड आहे. काकांनी पान हातात घेऊन चुरगळलं आणि म्हणाले, “अरे, ही तर सौंदड. आपली शमी.” खरंच तेच झाड. राजस्थानात त्याला खेजडी म्हणतात आणि १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात ते वाचवताना अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले होते. कुठल्याही झाडाझुडपावरून गाडी न्यायची नाही, हा आमच्या ताफ्याचाही नियम आहे.

त्या सौंदडीच्या पलीकडे उंटांचा गोठा होता. इथे त्याला ‘अझबा’ म्हणतात. तारेचं कुंपण, पाण्याची टाकी, पत्र्याची खोली, ३०-४० उंट आणि त्यांना बघणारा एक माणूस. पाकिस्तानातला होता. आम्हाला बघून तो आला, फोडणी दिल्यासारख्या वेगाने उर्दूत बोलला आणि पातेलंभर उंटिणीचं दूध घेऊन आला. किती महिन्यांनी घरी जाता, असं काकांनी मोडक्या हिंदीत विचारलं. दोन-तीन वर्षांनी, म्हणाला. इथे रात्री कोण असतं? कोणी नाही.

परत गाडीत बसल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मग मला म्हणाले, “तुमचं ते आरशाचं बरं हाय रे. पन ह्या मानसाच्या मागं कोन बगतंय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही २६ जणांनी सकाळपासून एकमेकांना डोळ्याआड होऊ दिलं नव्हतं. दोर, फावडी, रेडिओ, झेंडे, सगळं आमच्यासाठी होतं. ज्या जागेत आम्ही एका दिवसाचा धोका हौसेने विकत घेतला होता, तिथेच तो माणूस रोज एकटा राहत होता आणि तो आमच्या यादीत नव्हता. बेन्यामिन यांच्या २००८ सालच्या ‘आडुजीवितम’ या मल्याळम कादंबरीवरचा चित्रपट २०२४ मध्ये आला. आखातात शेळ्यांच्या गोठ्यावर अडकलेल्या मजुराची ती गोष्ट इथल्या अनेकांनी एअर कंडिशन्ड थिएटरमध्ये बसून पाहिली. आमच्यासमोरच्या माणसाचं आयुष्य तसंच होतं, असं मी म्हणणार नाही. तो हसत होता, त्याच्याकडे फोन होता. पण एकटेपणाचा पत्ता तोच होता.

यादी आणि भेट

तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ मध्ये एक युक्तिवाद मांडला. तळ्यात बुडणाऱ्या मुलाला बूट-कपडे खराब होतील म्हणून आपण बुडू देणार नाही. मग दूरदेशी उपासमारीने मरणारं मूल केवळ लांब आहे म्हणून कमी महत्त्वाचं कसं? वाचताना मला यात चूक सापडत नाही. पण त्यामुळे माझं वागणंही फारसं बदलत नाही. कारण जगातली सगळी मुलं माझी म्हटली, की मी पुन्हा ४० जणांच्या त्या ग्रुपवर जाऊन बसतो. कुणीतरी बघत असेल.

दुसरी परंपरा या वाळूतलीच. १९४० च्या दशकात विल्फ्रेड थेसिजर या ब्रिटिश प्रवाशाने राशिद टोळीतल्या बेदू सोबत्यांबरोबर रुब अल खालीचं वाळवंट पार केलं. १९५९ च्या ‘अरेबियन सँड्स’मध्ये त्यांनी एक प्रसंग लिहिलाय. अनेक दिवसांच्या उपासमारीनंतर त्यांना एक ससा मिळाला. तो शिजून तयार झाला आणि तेवढ्यात अनोळखी बेदू आले. यजमानांनी सगळं अन्न त्यांच्यापुढे ठेवलं, स्वतः काही घेतलं नाही आणि वर तुम्ही आलात हे फार बरं झालं, असंही म्हणत राहिले. थेसिजर मनातून चरफडत होते. बेदूंसाठी मात्र प्रश्नच नव्हता. समोर आला, तो आपला. आपला ‘अतिथी’ हा शब्द याच जातीचा आहे: जो तिथी ठरवून येत नाही, ज्याचं नाव यादीत नसतं.

म्हणजे कर्तव्याच्या दोन रीती झाल्या. एक यादीची. ती खात्रीची असते पण तिला कुंपण असतं. दुसरी भेटीची. तिला कुंपण नसतं, पण भेट व्हावी लागते. आणि माझ्या पिढीने भेटी टाळायची सोय चांगली करून ठेवली आहे. जेवण दारापाशी ठेवून जातात, वाट मॅप सांगतो, इमारतीचा वॉचमन ॲपवर नोटिफिकेशन पाठवतो. आपण अडकलो की ॲप उघडतो, आणि दुसरा अडकला की त्याच्याकडेही ॲप असेल, असं धरून चालतो.

त्या दिवशी निघताना मी मार्शलना त्या गोठ्याबद्दल विचारलं. त्यांनी जीपीएस दाखवला. त्या जागेवर आधीपासून एक खूण होती. आणखी तीन-चार गोठ्यांवरही होत्या. त्या बाजूला जाणारा प्रत्येक ताफा तिथे थांबतो, पाण्याचे कॅन, भाजी, फोनचा रिचार्ज देतो. कोण कोणत्या शनिवारी जाणार, तेही ठरलेलं आहे. एकदा झालेली भेट त्यांनी यादीत घातली होती.

हे पुरेसं नाही. त्या माणसाचा पगार, मालकाशी बांधलेला व्हिसा, वर्षानुवर्षं न दिसणारी मुलं, यातलं काही टोमॅटोच्या पिशवीने सुटत नाही आणि सुटतं असं समजणं हा स्वतःलाच दिलेला डिस्काउंट आहे. पण ‘पुरेसं नाही’ म्हणून काहीच न करणं, हाही त्या ४० जणांच्या ग्रुपमधलाच युक्तिवाद आहे. टोमॅटोने दुसरं एक होतं. दर महिन्याला कुणीतरी त्याला बघतं. तो आजारी असला, गायब झाला, तर ते कुणाच्या तरी लक्षात येईल आणि त्या कुणाचं तरी नाव ठरलेलं असेल.

म्हणून मला आता वाटतं, की आपण किती लोकांना देणं लागतो, या प्रश्नाला एक आकडा शोधत बसण्यात अर्थ नाही. त्याऐवजी दोन कामं वेगवेगळी करावीत. पहिलं, ज्याची जबाबदारी आपली आहे त्याचं नाव ठरवावं. गावाकडे एकटे राहणारे आई-वडील असोत, टीममध्ये नवीन आलेला आणि मीटिंगमध्ये न बोलणारा मुलगा असो, त्याच्याकडे ‘कुणीतरी’ बघतंय यावर समाधान मानू नये. चार भावंडं असतील तर बुधवारचा फोन कुणाचा हे ठरावं. दुसरं, अधूनमधून कुंपणाबाहेर जाऊन बघावं, की आपल्या वाटेवरचा कोण या यादीत नाही. हे दुसरं काम आरसा करू शकत नाही. आरशात फक्त आपल्यामागून येणारे दिसतात. जो ताफ्यात कधी नव्हताच, त्याच्यासाठी खाली उतरावं लागतं आणि बहुतेक वेळा मागच्या सीटवर काकांसारखं कुणीतरी लागतं, नवीन जागी आलेलं, अजून न सरावलेलं, सरळ प्रश्न विचारणारं.